गळाची काठी : ताठ हवी की वाकणारी?

शिरूरजवळ घोड नदीच्या काठी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे एक शिबिर होते. पाण्यातले जीव पाहणे, पाण्याचे तापमान मोजणे असे त्याचे स्वरूप होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नववीतला एक मुलगा आमच्याकडे काठीचे दोन तुकडे घेऊन आला. गळाने मासे धरण्यासाठी त्याच्या मामाने पुण्याहून आणलेली कार्बनतंतूंची काळी, चकचकीत काठी होती ती. मुलाने तिच्यासाठी वर्षभराचे साठवलेले पैसे दिले होते. अर्धा-पाऊण किलोचा मासा काठावर उचलून घेताना ती वरच्या तिसऱ्या भागात ‘कट्‌’ आवाज करून मोडली. पंचवीस पावलांवर बसलेल्या एका म्हाताऱ्या भोई आजोबांची काठी मात्र साध्या बांबूची होती. ती सहा वर्षे टिकली होती, आणि तिने याहून मोठे मासे काढले होते.

मुलाचा प्रश्न सरळ होता, “सर, महाग काठी मोडली आणि फुकटची टिकली. असं कसं?”

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. पुढचे दोन दिवस आम्ही आणि मुलांनी मिळून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यातून जे हाती लागले ते वर्गात वापरता येण्याजोगे आहे असे वाटल्यामुळे येथे मांडत आहोत. तरफ, लवचिकता, कार्य आणि ऊर्जा हे पुस्तकातले सगळे धडे या एका काठीत सापडतात.

आपल्याकडचा गळ

शिरूरचे जुने नाव घोडनदी. गावाजवळून वाहणारी घोड पुढे भीमेला मिळते. भीमा दौंडवरून खाली जाते आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात शिरते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची भिंत सोलापूर जिल्ह्यात असली तरी फुगवट्याचे पाणी पार दौंड तालुक्यापर्यंत येते. या पाण्यात रोहू, कटला, मृगळ, मरळ, शिंगाडा, वांब आणि आता सर्वत्र झालेला चिलापी (तिलापिया) असे मासे मिळतात. पोटासाठी मासेमारी करणारे लोक मुख्यतः जाळी वापरतात. गळ वापरतात ती मुले, म्हातारी माणसे आणि हौशी लोक.

ही हौस काही आजची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे गळाच्या मासेमारीवरचे प्रकरण आहे.

काठी माशाच्या बाजूची

प्रथम मुलांना एक प्रश्न विचारा. काठीमुळे आपले काम सोपे होते की अवघड? बहुतेक मुले ‘सोपे’ म्हणतील. आता हिशोब करू.

समजा काठी अडीच मीटर लांब आहे. एक हात बुडख्याशी आहे आणि दुसरा त्याच्यापुढे अर्ध्या मीटरवर. शेंड्यावर काठीला काटकोनात १ किलो वजनाइतकी ओढ आहे. पुढचा हात हा टेकू मानला तर शेंडा त्याच्यापासून २ मीटरवर आणि मागचा हात अर्ध्या मीटरवर. म्हणजे मागच्या हाताला १ × २ ÷ ०.५ = ४ किलो इतका जोर खाली लावावा लागेल आणि पुढच्या हाताला ५ किलो वर तोलून धरावे लागेल. एका किलोसाठी पाच किलोचे कष्ट! तरफेचा फायदा माशाला मिळतो, आपल्याला नाही.

मग काठी घ्यायचीच कशाला? काठापासून दूर गळ टाकता येतो, हे एक कारण. पण महत्त्वाचे कारण वेगळे आहे. काठी ही एक स्प्रिंग आहे.

दोन किलोचा मासा सेकंदाला २ मीटर वेगाने पळाला आणि सैल दोरी एकदम ताणली गेली असे समजा. माशाची गतिज ऊर्जा ½ × २ × २² = ४ ज्यूल. ही ऊर्जा दोरी आणि काठी यांना शोषावी लागते. (मासा पोहत राहतो, पाणी त्याला विरोध करते, हे दोन्ही आपण तूर्त बाजूला ठेवू.) काठी अजिबात वाकली नाही आणि तंगूस फक्त १० सेंटिमीटर ताणला, तर सरासरी बल ४ ÷ ०.१ = ४० न्यूटन. स्प्रिंगसारख्या ताणात सर्वांत मोठे बल सरासरीच्या दुप्पट असते, म्हणजे ८० न्यूटन. हे ८ किलो वजनाइतके झाले. पाच किलोचा तंगूस तटकन तुटेल.

आता काठीचा शेंडा ८० सेंटिमीटर लवला असे धरा. सरासरी बल ४ ÷ ०.८ = ५ न्यूटन आणि कमाल बल १० न्यूटन, म्हणजे जेमतेम १ किलो. मासा तोच, वेगही तोच, तरीही बल आठपट कमी झाले. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो त्याचेच हे दुसरे रूप.

काठी वाकली की आणखी एक गोष्ट घडते. शेंडा ओढीच्या दिशेने वळतो आणि ओढीच्या रेषेचे हातापासूनचे लंब अंतर कमी होते. वरच्या उदाहरणात ते २ मीटरवरून १.२ मीटर झाले, तर मागच्या हातावरचा जोर ४ किलोवरून २.४ किलोवर येतो. म्हणजे वाकणारी काठी तंगूस वाचवते आणि मनगटही वाचवते.

काठी किती वाकेल?

शिबिरात आम्ही बांबूच्या कामट्या घेतल्या. कामटीचे एक टोक टेबलाच्या कडेवर विटेखाली घट्ट दाबले आणि दुसऱ्या टोकाला छोटी वजने टांगली. टोक किती खाली आले ते मोजपट्टीने मोजले. तुम्हीही हे करून पाहा. मात्र वाक बाहेरच्या लांबीच्या एक दशांशापेक्षा जास्त होऊ देऊ नका, नाहीतर साधा नियम लागू पडत नाही.

कामटी ४० सेंटिमीटर बाहेर असताना टोक ४ सेंटिमीटर खाली आले, तर तीच कामटी २० सेंटिमीटर बाहेर ठेवल्यावर किती येईल? ‘दोन’ असे उत्तर मुले देतात. प्रत्यक्षात ते अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास येते. वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. लांबी निम्मी केली की वाक एक अष्टमांश होतो.

दुसरा प्रयोग जाडीचा. सारख्या दोन कामट्या नुसत्या एकीवर एक ठेवल्या तर वाक निम्मा होतो. त्याच फेव्हिकॉलने नीट चिकटवून वाळवल्या तर वाक एक अष्टमांशाच्या जवळ येतो. चिकटवल्यावर थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, त्यामुळे दुप्पट जाडीची एकच कामटी तयार होते. गोल काठीत तर रुंदी आणि जाडी दोन्ही वाढतात. म्हणून व्यास दुप्पट केला तर काठी सोळापट ताठ होते. बुडखा जाड आणि शेंडा बारीक असलेल्या काठीचा शेंडा आधी का लवतो, हे यावरून कळते. लहान माशासाठी शेंडा वाकतो. ओढ वाढली की वाक हळूहळू मधल्या जाड भागाकडे सरकतो.

ती कुठे मोडते?

काठी वाकली की बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात आणि आतल्या बाजूचे दाबले जातात. मधला थर जसाच्या तसा राहतो. बाहेरचा तंतू किती ताणला जातो हे काढणे सोपे आहे. काठीची त्या ठिकाणची त्रिज्या भागिले वाकाची त्रिज्या. सहा मिलिमीटर जाड काठीची त्रिज्या ३ मिलिमीटर. ती ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतकी वाकली तर ताण ३ ÷ ३००, म्हणजे एक टक्का.

आता पदार्थांकडे पाहू. चांगल्या काठीतला कार्बनतंतू आणि राळ यांचा मिश्र पदार्थ साधारण सव्वा ते दीड टक्का ताणला की तुटतो. काचतंतूंचा पदार्थ दोन ते अडीच टक्क्यांपर्यंत टिकतो. म्हणजे ६ मिलिमीटर जाड भरीव काठी कार्बनची असेल तर ती २० सेंटिमीटर त्रिज्येच्या वाकाशी मोडेल, तर काचतंतूंची १२ सेंटिमीटरपर्यंत तग धरेल.

मग लोक कार्बनसाठी जास्त पैसे का मोजतात? कारण ताठपणा. बांबूच्या तुलनेत काचतंतूंचा पदार्थ साधारण दुप्पट-तिप्पट ताठ असतो आणि कार्बनतंतूंचा आठ-नऊ पट. शिवाय कार्बनचा पदार्थ काचेच्या पदार्थापेक्षा हलका असतो. त्यामुळे काठी बारीक, पोकळ आणि अगदी हलकी करता येते. दिवसभर पुन्हा पुन्हा गळ फेकणाऱ्याला आणि आमिषाला लागलेली हलकीशी चाहूल हाताला कळावी असे वाटणाऱ्याला ती सोयीची असते. पण पातळ भिंतीच्या नळीला दगडाचा किंवा सायकलच्या हँडलचा टोला बसला, तर बारीक चीर पडते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. पुढे कधीतरी, साध्या ओढीलाही, काठी तिथेच मोडते.

मुलाच्या काठीचे तुकडे आम्ही भिंगाखाली पाहिले. मोडलेल्या जागेपासून जवळच रंग खरवडलेला होता. तो म्हणाला, “मामाने दुचाकीला बांधून आणली होती.” दुसरे कारण त्याच्या बोलण्यातून कळले. मासा काठाशी आल्यावर त्याने काठी जवळजवळ उभी धरून मासा वर उचलला होता. काठी उभी असताना दोरी खाली सरळ ओढते, तेव्हा सगळा वाक बारीक शेंड्यातच होतो आणि त्याची त्रिज्या फार लहान होते. पाण्यात असेपर्यंत माशाचे वजन पाणीच तोलत असते. पाण्याबाहेर येताच ते सारे शेंड्यावर येते.

आजोबांना आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, “काठीनं मासा उचलायचा नसतो, पोरा. काठीनं दमवायचा, न्‌ हातानं घ्यायचा.” त्यांच्याजवळ बांबूच्या रिंगणाला बांधलेले एक छोटे हातजाळे होते. आमच्या बेरीज-भागाकारातून निघालेला निष्कर्षही हाच होता.

दूरच्या तळ्यातले उदाहरण

वाकणाऱ्या काठीची खरी परीक्षा अमेरिकेतल्या महासरोवरांत होते. तिथे मिशिगन सरोवरात १९६६ पासून कोहो सामन मासे सोडले गेले. उन्हाळ्यात वरचे पाणी गरम होते आणि थंड पाणी खाली राहते. थंड पाण्यातले हे मासे मग खोल जातात. त्यांच्यापर्यंत आमिष नेण्यासाठी तिकडे डाउनरिगर हे साधन वापरतात.

बोट तासाला तीन ते पाच किलोमीटर अशा संथ वेगाने चालते. तिच्या कडेच्या रहाटावरून पोलादी तारेला बांधलेला चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा हव्या त्या खोलीवर सोडतात. गोळ्याजवळ एक चिमटा असतो आणि काठीची दोरी त्या चिमट्यात अडकवलेली असते. काठी बोटीवरच्या खाचेत उभी करून दोरी इतकी ताणतात की काठीची कमान होते. मासा आमिषाला लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि काठी उसळून सरळ होऊ लागते. त्या उसळीत दोरीची ढील ओढली जाते आणि गळ माशाच्या तोंडात रुततो. पुढे माशाशी झुंज चालू असताना शिशाचा भार काठीवर येत नाही, तो तारेवरच राहतो.

अशी काठी तासन्‌तास कमानीसारखी वाकलेली राहते. म्हणून तिला चार गुण लागतात. फार वेळ वाकूनही कायमचा बाक येऊ नये. सुटल्यावर शेंडा लांबवर उसळावा. मासा फाटून सुटू नये इतकी ती मऊ असावी. आणि बोटीत आपटून खराब होऊ नये. या कामासाठी अनुभवी लोक सुमारे अडीच मीटरची काचतंतूंची काठी पसंत करतात. ती कार्बनपेक्षा जड असते खरी, पण ती हातात धरायची नसून खाचेत ठेवायची असते, त्यामुळे वजनाची अडचण होत नाही. आणि ती स्वस्तही असते.

घोड-भीमेच्या काठावर ही पद्धत रूढ नाही. पण आपल्याकडेही काठी दोन दगडांत रोवून तास-दोन तास मासा लागण्याची वाट पाहिली जाते. शेवटी प्रश्न तोच आहे. वाट पाहणाऱ्या काठीला मऊपणा आणि मजबुती हवी, हलकेपणा नव्हे.

दुकानात आणि वखारीत

आमच्या मुलांनी काठी निवडण्यासाठी केलेल्या कसोट्या अशा.

एक : बुडखा टेबलाला बांधून शेंड्याला २५० ग्रॅम, मग ५०० ग्रॅम वजन टांगा. वाक शेंड्यापासून मध्यापर्यंत सलग, गुळगुळीत दिसावा. एकाच जागी कोपर झाल्यासारखा वाक दिसला तर तिथे काठी कमकुवत आहे.

दोन : वजन रात्रभर टांगून ठेवा. सकाळी काढल्यावर काठी पूर्ण सरळ होते का ते भिंतीवर आखलेल्या रेषेशी ताडून पाहा. हीच डाउनरिगरची कसोटी.

तीन : मऊ कापसाचा बोळा काठीवरून फिरवा. कुठे चीर किंवा उसवलेला तंतू असेल तर कापूस अडकतो. दोरी जाण्यासाठीच्या कड्यांच्या आतूनही तो फिरवा. कडीला खाच असेल तर तंगूस तिथे कापला जातो.

बांबू घ्यायचा तर बुरूड कारागिराकडे किंवा वखारीत जाऊन मेस जातीचा, जवळजवळ भरीव बांबू मागा. तो तीन-चार वर्षे वयाचा असावा. कोवळा बांबू वाळताना सुरकुततो. पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेल्या बांबूत पिष्टमय पदार्थ कमी असतात, म्हणून त्याला भुंगा कमी लागतो. बांबू सावलीत उभा वाळवा, उन्हात नको, तडकतो. वर्षातून दोनदा जवसाचे तेल लावा. बांबूचा आडवा छेद भिंगातून पाहिला तर बाहेरच्या बाजूला तंतूंचे ठिपके दाट आणि आत विरळ दिसतील. जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच तंतू सर्वांत दाट. म्हणून बांबूची बाहेरची साल तासून काढू नका. बांबूची आणखी एक चांगली सवय म्हणजे तो सहसा एकदम मोडत नाही. आधी करकरतो, उभा चिरतो आणि आपल्याला सावध होण्याची संधी देतो.

किमतीचा हिशोबही मुलांनीच करावा. समजा बांबूची काठी ८० रुपयांची आणि दोन वर्षे टिकणारी, काचतंतूंची ६०० रुपयांची आणि सहा वर्षे टिकणारी, कार्बनची २,००० रुपयांची आणि दोन वर्षे टिकणारी आहे. तर वर्षाचा खर्च अनुक्रमे ४०, १०० आणि १,००० रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या गावातले खरे भाव आणि आपल्या वापरातले खरे टिकणे घालून हिशोब पुन्हा मांडावा.

पैशापेक्षा मोठी गोष्ट

एक मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत नदीकाठ शेतीपंपांच्या मोटारींनी भरलेला आहे. त्यांच्याकडे जाणाऱ्या विजेच्या तारा काठावरून, कधी पाण्यावरूनही जातात. कार्बन हा विजेचा सुवाहक आहे. तीन-चार मीटरची कार्बनची काठी गळ फेकताना वर गेली आणि तारेला लागली, किंवा उच्च दाबाच्या तारेच्या अगदी जवळ गेली, तरी जीव जाऊ शकतो. कोरडा काचतंतू आणि कोरडा बांबू दुर्वाहक असले तरी नदीवर कोरडे काय राहते? ओली काठी आणि ओली दोरी कुणाचीही असो, तिच्यावर भरवसा ठेवू नये. म्हणून बसण्याआधी वर पाहावे. तारा दिसल्या तर जागा बदलावी. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला तर काठी जमिनीवर आडवी टाकून नदीपासून दूर पक्क्या घरात जावे.

आणखी दोन सूचना. दोरीला लावायचे शिसे दाताने दाबू नये, ते विषारी आहे. आणि धरणात मासेमारीचे हक्क बहुधा संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेले असतात, तेव्हा आधी विचारून परवानगी घ्यावी.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्या मुलाने मोडलेल्या काठीचा बुडख्याकडचा भाग कापून गुळगुळीत केला. त्यात आजोबांनी दिलेल्या मेसाच्या बांबूचा सव्वा मीटरचा शेंडा घट्ट बसवला आणि सांध्यावर दोरा गुंडाळून राळ लावली. पाचशे ग्रॅमचे वजन रात्रभर टांगले. सकाळी काठी रेषेपासून बोटभर खाली होती. त्याने वहीत तेवढेच लिहिले, “बाक १.८ सेंमी. सांधा जरा सैल. पुन्हा करायचे.” आपल्या शाळेतही ही कसोटी करून पाहावी आणि कोणत्या काठीला किती बाक आला ते आम्हाला जरूर कळवावे.